त्वचेच्या मूलपेशी आणि कर्करोग यांवरचा शोधनिबंध कसा वाचावा

गोव्यात पदव्युत्तर जीवशास्त्राकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असते. सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतून ते येतात, पुढचे विज्ञान इंग्रजीतून शिकतात, आणि पहिला मोठा शोधनिबंध हातात पडला की शब्दकोश उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला बसतात. दोन पानांत ते थकतात आणि आपले इंग्रजी कच्चे आहे असा निष्कर्ष काढतात. शनिवारी दुपारी विद्यार्थ्यांसोबत निबंध वाचण्याचा उपक्रम मी अनेक वर्षे चालवते आहे, आणि माझा अनुभव असा आहे की भाषेमुळे अडणारे थोडे असतात. समोरचे वाक्य कोणत्या पेशीविषयी आणि कोणत्या वेळेविषयी बोलते आहे, हे न ठरवता वाचन सुरू होते आणि तेथेच घोटाळा होतो. त्वचेतील मूलपेशींचे (नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशींचे) जनुक-नियमन, म्हणजे कोणते जनुक कोठे आणि केव्हा चालू राहते, हा विषय घेऊन ही वाचनाची रीत येथे मांडते. या विषयाची निवड मुद्दाम केली आहे, कारण त्वचेचे थर पेन्सिलीने काढता येतात आणि जखम भरणे व कर्करोग होणे या दोन घटना या ऊतीत शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

निबंध उघडण्यापूर्वी वहीचे एक कोरे पान घ्यावे आणि त्यावर त्वचेचा उभा छेद काढावा. खाली अंतस्त्वचा, तिच्यावर आधारपटल, आणि आधारपटलाला चिकटून उभी असलेली पेशींची एक रांग, म्हणजे तळथर. बाह्यत्वचेच्या मूलपेशी याच रांगेत असतात. त्या विभागतात, त्यांच्यापासून झालेल्या काही पेशी आधारपटल सोडून वर सरकतात, वर जाताना विभागणे थांबवतात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात आणि अखेर केंद्रक गमावून मृत खवल्यांच्या रूपाने झडतात. माणसात या प्रवासाला साधारण चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. चित्रात तळथरापुढे ‘केराटिन ५ व १४’ असे लिहावे आणि त्याच्या लगेच वरच्या थरापुढे ‘केराटिन १ व १०’. हे चार आकडे पाठ असले की निबंधातील लाल-हिरव्या छायाचित्रांपैकी बरीचशी आपोआप उलगडतात. केराटिन १४ ची चकाकी एका रांगेऐवजी चार-पाच रांगांवर पसरलेली दिसली, तर पेशी वर चढूनही आपली तळथराची ओळख सोडायला तयार नाहीत, हे मथळा वाचण्याआधीच कळते.

त्याच पानावर शेजारी एक केशपुटक, म्हणजे केसाच्या मुळाभोवतीची पिशवी, काढावे. तेलग्रंथीच्या खाली, केस उभा करणारा स्नायू जेथे जोडलेला असतो, तेथे पुटकाच्या भिंतीला थोडा फुगवटा दाखवावा. केस खालच्या टोकाकडून वाढतो, त्यामुळे त्याच्या मूलपेशीही तेथेच असणार, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९० मध्ये कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी उंदरांच्या त्वचेत डीएनएला खूण लावून ठेवली आणि काही आठवड्यांनंतर ती कोणत्या पेशींत शिल्लक राहते हे पाहिले. भराभर विभागणाऱ्या पेशींत खूण विरळ होत जाते, क्वचित विभागणाऱ्या पेशींत ती टिकते. आणि ती टिकली होती या फुगवट्यात. तळथराच्या पेशी बशीत वाढवण्याची रीत त्याआधीच, १९७५ मध्ये, राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी शोधली होती. भाजलेल्या रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली त्वचा देण्याचा मार्ग तिच्यामुळे खुला झाला. याच ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या इलेन फ्यूक्स यांचे नाव या विषयातील निबंधांवर वारंवार दिसेल.

चित्र झाल्यावर निबंधाची प्रस्तावना वाचावी असे वाटेल, पण ती सोडून थेट पद्धतींच्या भागात जावे आणि उंदराचे वय शोधावे. हे विचित्र वाटणारे काम मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते. केशपुटकाला वाढ, ऱ्हास आणि विश्रांती असे चक्र असते. उंदराच्या पाठीवरील पहिली दोन चक्रे बरीचशी एकाच वेळी चालतात. जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पहिली, छोटी विश्रांती येते. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी सुरू होते आणि ती बरीच लांबते. विश्रांतीतील त्वचेची वाढीतील त्वचेशी तुलना केली, तर शेकडो जनुकांच्या पातळ्या वेगळ्या दिसतील, आणि त्यांतील बहुतेकांचा संबंध तपासल्या जाणाऱ्या जनुकाशी नसून केवळ केसाच्या चक्राशी असेल. दोन्ही गटांतील उंदीर एकाच वयाचे आणि चक्राच्या एकाच टप्प्यावरचे आहेत का, हे वहीत लिहून मगच पुढे जावे.

आता नियमनाकडे यावे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो: सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या, प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके. तरीही तळथराची पेशी केराटिन १४ बनवते आणि यकृताची पेशी बनवत नाही. हे समजावताना मी आपल्या खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीवरच्या शेतीचे, उदाहरण देते. नदी सगळ्या गावांची एकच, पण कोणत्या शेतात कोणते पाणी केव्हा शिरेल हे बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) ठरवतात. भरतीला मानशीचे दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या चकत्यांभोवती गुंडाळलेला असतो, दर चकतीभोवती १४७ जोड्या. जेथे गुंडाळी घट्ट तेथे दार बंद, जेथे सैल तेथे दार उघडे. जनुकाच्या तोंडाशी असलेला भाग म्हणजे प्रमोटर. आणि पुष्कळ दूर, कधी लाखो अक्षरांवर असलेला, पण डीएनएचा वेटोळा पडल्यामुळे जनुकाशी येऊन भिडणारा भाग म्हणजे एन्हान्सर. नियामक प्रथिने या एन्हान्सरांवर बसतात. पेशीची ओळख बहुतांशी एन्हान्सर ठरवतात, म्हणून या विषयातील निबंधांचा भर त्यांच्यावर असतो. उदाहरण मात्र एका जागी अपुरे पडते, आणि ती जागा महत्त्वाची आहे: मानशीतून आलेले पाणी नवी मानस बांधत नाही, पण जनुकापासून बनलेले नियामक प्रथिन दुसऱ्या जनुकांची दारे उघडते, बंद करते, आणि पुष्कळदा स्वतःचे दारही उघडे धरते. त्यामुळे एकदा सुरू झालेली स्थिती मूळ कारण संपल्यावरही टिकू शकते.

यानंतर आकृत्या वाचाव्यात, आणि प्रत्येक आकृतीखाली पेन्सिलीने लिहावे की या प्रयोगाने नेमके काय मोजले. मोजलेली गोष्ट आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष यांत अंतर असते. आरएनए-सीक्वेन्सिंग सांगते की शेतात पाणी किती आहे, म्हणजे जनुकाच्या किती आरएनए प्रती निघाल्या. ते कोणत्या दाराने आले, हे ती सांगत नाही. २०१३ मध्ये पुढे आलेल्या अटॅक-सीक्वेन्सिंगमध्ये एक विकर सैल डीएनएत शिरून त्याचे तुकडे करते, त्यामुळे कोणती दारे उघडी आहेत हे कळते. पण उघड्या दारातून पाणी वाहतेच असे नाही. चिप-सीक्वेन्सिंगमध्ये विशिष्ट प्रथिनाला प्रतिपिंडाने पकडून ते डीएनएवर कोठे बसले होते हे शोधतात. हाच प्रयोग हिस्टोन ३ च्या २७व्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावरील ॲसिटिल खुणेसाठी केला, तर चालू असलेले एन्हान्सर सापडतात. त्याच जागी तीन मिथिल गट असतील, तर तो भाग दाबून ठेवलेला असतो. नियामक प्रथिन एन्हान्सरवर बसलेले दिसले म्हणून त्याने जनुक चालवले, असे सिद्ध होत नाही. तिन्ही प्रकारचे पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर विधानाला वजन येते.

या टप्प्यावर होणारी एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यासाठी थोडे थांबते. निबंधात लिहिलेले असते की निरोगी त्वचेपेक्षा गाठीत अमुक जनुक पाचपट वाढले, आणि विद्यार्थी वहीत लिहितो, ‘कर्करोगात हे जनुक चालू होते.’ पण नमुना अख्ख्या ऊतीचा असेल, तर दुसरी शक्यता तितकीच मोकळी राहते: गाठीत तळथरासारख्या पेशींचे प्रमाण वाढले आणि प्रत्येक पेशीतील पातळी पूर्वीइतकीच राहिली. शेतात पाणी वाढले की शेतेच वाढली, हा तो प्रश्न आहे. म्हणून पेशी वेगळ्या काढून मोजल्या का, हे पाहावे. उंदराच्या फुगवट्यातील मूलपेशी सीडी३४ आणि अल्फा-६ इंटेग्रिन या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून वेगळ्या काढतात. माणसाच्या फुगवट्यातील पेशी सीडी३४ दाखवत नाहीत, म्हणून हीच खूण मानवी त्वचेला सरळ लावणारा निबंध दिसला की सावध व्हावे. एकेका पेशीचे आरएनए मोजण्याच्या नव्या पद्धतींनी ही अडचण बरीच कमी केली आहे. मात्र त्यांच्या ठिपक्याठिपक्यांच्या नकाशांत दोन पुंजक्यांमधील अंतर शब्दशः घेऊ नये.

सहसंबंध पाहून झाल्यावर तोडफोडीचा प्रयोग शोधावा. जनुक काढून टाकले तेव्हा काय झाले, आणि नको तेथे चालू केले तेव्हा काय झाले? पहिल्यातून गरज कळते, दुसऱ्यातून पुरेसेपणा. पी६३ हे नियामक प्रथिन या दृष्टीने शिकण्यासारखे उदाहरण आहे. १९९९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की पी६३ नसलेल्या उंदरांत थरदार बाह्यत्वचा तयारच होत नाही आणि ती पिल्ले जन्मतःच मरतात. गरज सिद्ध झाली, पण वेळेचा प्रश्न राहिला: जे प्रथिन त्वचा घडताना लागते, ते घडलेल्या त्वचेत काय करते? याच्या उत्तरासाठी केराटिन १४ च्या प्रमोटरला जोडलेले क्रे हे डीएनए कापणारे विकर आणि त्याला कामाला लावणारे टॅमॉक्सिफेन औषध वापरून प्रौढ उंदराच्या फक्त केराटिन १४ बनवणाऱ्या पेशींत, हव्या त्या दिवशी जनुक काढण्याची युक्ती वापरतात. आकृतीत टॅमॉक्सिफेन केव्हा दिले याचा बाण असतो. तो बाण आणि नमुना घेतल्याचा दिवस यांतील अंतर मोजावे. दोन दिवसांनी दिसलेला बदल थेट परिणाम असू शकतो. दोन महिन्यांनी दिसलेला बदल बहुधा परिणामाचा परिणाम असतो.

एवढी तयारी झाली की कर्करोगाचा भाग वाचावा, आणि तो वाचताना शेजारी जखमेचा नमुना ठेवावा. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठींचे वर्णन न भरणाऱ्या जखमा असे केले होते. आपल्याकडे तर या संबंधाची नोंद त्याहून जुनी आहे. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये, कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराने त्वचा घासली जाऊन त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. काश्मीरमध्ये कपड्यांखाली पोटाशी धरलेल्या कांगडीच्या (निखाऱ्यांच्या भांड्याच्या) उष्णतेने होणारा कर्करोग, भाजल्याच्या जुन्या व्रणात होणारा कर्करोग, ही त्याच कुळातील उदाहरणे. येथे ऊन हे मुख्य कारण नाही. वारंवार इजा आणि वारंवार दुरुस्ती हे आहे.

या दुरुस्तीत जनुकांच्या पातळीवर काय घडते, हे फ्यूक्स यांच्या प्रयोगशाळेच्या २०१७ मधील एका निबंधात स्पष्ट दिसते, आणि विद्यार्थ्याने पहिला निबंध हाच वाचावा असा माझा आग्रह असतो. निरोगी त्वचेत केशपुटकाच्या मूलपेशींत सॉक्स९ हे नियामक प्रथिन असते आणि बाह्यत्वचेच्या मूलपेशींत केएलएफ५. दोघांची राज्ये वेगळी. त्वचा कापली गेली की पुटकातील पेशी वर सरकून जखम बुजवायला येतात, आणि त्या काळात एकाच पेशीत ही दोन्ही प्रथिने एकत्र दिसतात. पेशीला दोन्ही ओळखींच्या सवलती मिळतात. जखम भरली की ही दुहेरी स्थिती संपते. त्वचेच्या शल्कपेशी कर्करोगात ती संपत नाही. इजेच्या वेळी जागे होणारे एन्हान्सर नेहमीच्या एन्हान्सरांवर मात करतात, ही यंत्रणा जखमेत आणि गाठीत समान आहे. पण गाठीत इजेला प्रतिसाद देणाऱ्या नियामक प्रथिनांची पातळी चढीच राहते, ओळख ठरवणारी प्रथिनेही प्रमाणाबाहेर जातात, आणि दोघांच्या संगनमताने असे काही एन्हान्सर चालू होतात जे जखमेत आढळत नाहीत. खाजनातही भाताची कापणी झाल्यावर मासळीसाठी खारे पाणी आत घेतात आणि पावसापूर्वी मानस पुन्हा सांभाळतात. पावसाने मीठ धुऊन जाते आणि कोरगुट, म्हणजे खारेपणा सोसणारा भात, पुन्हा पेरता येतो. दार उघडणे हा शेतीच्या व्यवहाराचाच भाग आहे. ते मिटले नाही, तर जमीन हातची जाते.

म्हणून या विषयावरच्या कोणत्याही निबंधात गाठीची तुलना निरोगी त्वचेशीच केली आहे की जखमेशीही, हे पाहावे. फक्त निरोगी त्वचेशी केली असेल, तर सापडलेल्या जनुकांपैकी कित्येक निव्वळ दुरुस्तीची असण्याचा संभव आहे. फ्यूक्स यांच्याच गटाने २०१७ मध्ये दुसऱ्या एका निबंधात असेही दाखवले की एकदा दाह होऊन गेलेल्या उंदरांच्या त्वचेतील मूलपेशींत काही दारे दाह शमल्यावरही महिनोन्‌महिने उघडी राहतात, आणि त्या जागची पुढची जखम लवकर भरते. दिसायला निरोगी असलेल्या त्वचेलाही पूर्वेतिहास असतो, हे ध्यानात ठेवूनच तुलनेचा गट तपासावा.

उत्परिवर्तनांविषयी, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत झालेल्या बदलांविषयी, थोडक्यात. २०१५ मध्ये मार्तिन्कोरेना आणि सहकाऱ्यांनी चार व्यक्तींच्या पापण्यांच्या निरोगी त्वचेचे २३४ सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा सुमारे १८ ते ३२ टक्के पेशींत कर्करोगाला चालना देणारी मानली जाणारी उत्परिवर्तने आढळली, आणि त्या त्वचेत कर्करोग नव्हता. नॉच या जनुकातील बदल त्यांत ठळक होते. त्वचेत नॉच पेशीला तळथर सोडून वर जायला लावतो, म्हणून तो बिघडला की गाठीला वाव मिळतो. टी-पेशींच्या रक्तकर्करोगात मात्र हाच नॉच अतिरेकाने चालू राहून रोग घडवतो. त्यामुळे ‘नॉच हे कर्करोगाचे जनुक आहे’ असे वाक्य वहीत आढळले, तर मी त्यापुढे ‘कोणत्या पेशीत?’ असे लिहून वही परत करते.

उंदराच्या पाठीवर डीएमबीए हे रसायन एकदा आणि मग टीपीए वारंवार लावून गाठ निर्माण करण्याची पद्धत जुनी आणि उपयुक्त आहे. पहिले रसायन बहुधा एचरास जनुकात बदल घडवते, दुसरे दाह आणि पेशींची वाढ चालू ठेवते. पण उन्हामुळे होणाऱ्या मानवी कर्करोगात डीएनएतील सी या अक्षराच्या जागी टी येण्याची अतिनील किरणांची खूण असते, ती येथे नसते. शेवटच्या आकृतीत मानवी नमुने आहेत का आणि किती रुग्णांचे आहेत, एवढे पाहून पुढे जावे.

अखेरचा भाग उपचारांचा. एका शनिवारी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, दार उघडे राहिल्याने रोग होतो, तर ते औषधाने बंद केले की झाले ना?” तिला मी तळपेशी कर्करोगाची गोष्ट वाचायला दिली. स्मूदन्ड हे प्रथिन पेशीला वाढीचा संकेत देते, आणि पॅच्ड हे जनुक त्याला रोखून धरते. १९९६ मध्ये समजले की गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असलेल्यांत पॅच्ड बिघडलेले असते, आणि म्हणून त्यांना तळपेशी कर्करोगाच्या गाठी वारंवार होतात. स्मूदन्डला अडवणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधाला जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने पुष्कळ रुग्णांच्या गाठी आकसतात, पण केस गळतात, चव जाते, स्नायूंत पेटके येतात. केसाच्या चक्राला हाच संकेत लागतो, तेव्हा केस गळणे अपेक्षितच म्हणावे लागेल. औषध थांबवल्यावर काही गाठी परत येतात, त्या का, याचे उत्तर २०१८ मध्ये दोन गटांनी दिले: औषध चालू असताना तग धरून राहणाऱ्या पेशी आपली ओळख बदलतात, निरोगी त्वचेतील दुसऱ्या मूलपेशींसारखी जनुके चालू करतात, त्यासाठी व्हन्ट या वेगळ्या संकेताचा आधार घेतात, आणि औषध काढल्यावर पुन्हा वाढू लागतात. दोन्ही संकेत एकत्र अडवल्यावर उंदरांत अशा उरलेल्या पेशी कमी झाल्या.

विद्यार्थिनीला मी सांगितले की हे निबंध वाचून झाल्यावर पहिल्या पानावरच्या चित्राकडे परत जावे, औषधापूर्वी ती पेशी कोणासारखी होती तेथून बाण सुरू करावा, औषध चालू असताना ती कोणासारखी झाली तेथे तो न्यावा, आणि बाणाशेजारी प्रयोगाचा दिवस, उंदराचे वय आणि मोजण्याची पद्धत लिहावी. पुढच्या शनिवारी तिने ते पान आणले तेव्हा बाणाच्या एका टोकाशी वय लिहायचे राहिले होते. ते निबंधाच्या पुरवणीत सापडले, आणि त्या दिवशीचे वाचन आम्ही तेथूनच सुरू केले.